गणित अडलं की कुणाकडे जायचं? केंब्रिजच्या शिकवण्यांची गोष्ट

आज आपण एका अगदी ओळखीच्या प्रसंगापासून सुरुवात करू. कॉलेजचं दुसरं वर्ष. रात्रीचे अकरा वाजलेत. समोर वही आहे आणि वहीत एक इंटिग्रल, नाहीतर उतारावरून घरंगळत येणाऱ्या नळकांड्याचं फिजिक्समधलं गणित. दोन ओळी लिहून झाल्यात, तिसरी सुचत नाही. वही उद्या द्यायची आहे. अशा वेळी विद्यार्थी काय करतो? मित्राची वही मागतो, गाईड उघडतो, क्लासच्या सरांना मेसेज टाकतो, मोबाइलवर उत्तर शोधतो. आणि घरात कुणी वडीलधारं असेल तर ते हमखास म्हणतं, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं. आम्ही आपलं आपण सोडवायचो.’

आपल्याला आज हे बघायचं आहे, की अशी वेळ खरंच कधी होती का? कॅल्क्युलस आणि फिजिक्स विद्यापीठात नीट रुजलं तेव्हापासून विद्यार्थी मदत मागतच आले आहेत. मदत घ्यावी की घेऊ नये हा प्रश्न इतिहासाने कधीच निकाली काढला आहे. खरा प्रश्न असा, की कोणती मदत कामाची ठरली, आणि ती कुणाला मिळाली नाही? याचं उत्तर शोधायला आपल्याला एकोणिसाव्या शतकातल्या केंब्रिजला जावं लागेल. शेवटी आपण पुण्यालाही येणार आहोत, कारण या गोष्टीचा एक धागा फर्ग्युसन कॉलेजपर्यंत येतो.

केंब्रिजमध्ये गणिताची जी मोठी परीक्षा होती तिला ट्रायपॉस म्हणत. तिच्यात पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ ही पदवी. त्यांच्यातला पहिला तो सीनियर रँग्लर. उत्तीर्ण झालेल्यांच्या यादीत जो अगदी शेवटचा, त्याला त्याचे मित्र भलामोठा लाकडी चमचा बहाल करत! नुसतं पास-नापास नव्हतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने नावं लागत. हा क्रम माणसाला जन्मभर चिकटायचा. चांगला नंबर आला तर कॉलेजची फेलोशिप, पुढे वकिली असो की चर्च, सगळीकडे दार उघडं.

आता गंमत बघा. न्यूटनच्या या विद्यापीठात अठराव्या शतकाच्या शेवटी कॅल्क्युलस मागे पडलं होतं. न्यूटनची टिंबांची चिन्हं वापरण्याचा हट्ट चालू होता आणि तिकडे फ्रान्समध्ये लाग्रांज, लाप्लास वगैरे मंडळी लाइबनित्सच्या चिन्हांनी कुठल्या कुठे पोचली होती. 1812 मध्ये चार्ल्स बॅबेज, जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक या विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढलं. 1816 मध्ये त्यांनी लाक्र्वा या फ्रेंच गणितज्ञाचं कॅल्क्युलसचं पुस्तक इंग्रजीत आणलं. पुढच्याच वर्षी, 1817 मध्ये, पीकॉक परीक्षक झाला आणि त्याने परीक्षेच्या प्रश्नांत नवी चिन्हं वापरली.

याचा परिणाम काय झाला असेल? परीक्षा बदलली, पण शिकवणारे जुनेच राहिले. प्राध्यापकांची व्याख्यानं परीक्षेशी जोडलेली नव्हती. कॉलेजातला शिक्षक एका खोलीत हुशार आणि कच्च्या सगळ्यांना एकत्र शिकवायचा. त्यात परीक्षा तोंडी वादविवादाकडून लेखी गणितांकडे सरकत होती. बोलून वेळ मारून नेता येते, कागदावर नेता येत नाही. मग विद्यार्थी कुणाकडे गेले? नुकत्याच चांगल्या नंबराने पास झालेल्या तरुण पदवीधरांकडे. फी देऊन, त्यांच्या खोलीवर. म्हणजे ज्याला आपण खासगी शिकवणी म्हणतो ती. थोड्याच वर्षांत अशी अवस्था आली, की रँग्लर व्हायचं तर शिकवणी लावायलाच हवी. विद्यापीठ होतं जागेवरच, पण खरं शिक्षण त्याच्या भिंतीबाहेर, भाड्याच्या खोल्यांत चाललं होतं. हे चित्र आपल्याला काही फार परकं वाटायला नको.

या शिकवणीवाल्यांतलं पहिलं मोठं नाव विल्यम हॉपकिन्स. हा गृहस्थ आधी शेती करत होता. शेती बुडाली, पत्नी वारली, आणि तिशीच्या आसपास तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून आला. 1827 मध्ये सातवा रँग्लर झाला. तोवर त्याने पुन्हा लग्न केलं होतं आणि त्या काळी लग्न झालेल्या माणसाला फेलोशिप मिळत नसे. तेव्हा पोटापाण्यासाठी शिकवणी. 1849 पर्यंत त्याच्या हाताखालून सुमारे दोनशे रँग्लर गेले होते, त्यातले सतरा सीनियर रँग्लर. लोक त्याला सीनियर रँग्लर घडवणारा म्हणू लागले.

पण इथे जरा थांबू या. आपल्याकडे क्लासच्या बाहेर जूनमध्ये टॉपरच्या फोटोंचे फ्लेक्स लागतात. ते बघून शहाणा पालक विचारतो, की या मुलांना क्लासने हुशार केलं, की क्लासने हुशार मुलंच निवडून घेतली? हॉपकिन्सच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारला पाहिजे. तो पारखून विद्यार्थी घेत असे. म्हणजे सतराचा आकडा हा थोडा शिकवण्याचा आणि थोडा निवडीचा. हे लक्षात ठेवूनच पुढे जाऊ.

तरीही त्याच्या शिकवणीत काहीतरी होतं हे नाकारता येत नाही. त्याच्या विद्यार्थ्यांची नावं बघा. जॉर्ज स्टोक्स, आर्थर केली, विल्यम थॉमसन म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, पीटर टेट, जेम्स क्लार्क मॅक्सवेल. मॅक्सवेलबद्दल टेटने पुढे आठवण लिहून ठेवली आहे, की तो केंब्रिजला आला तेव्हा त्याच्याजवळ ज्ञानाचा ढीग होता, पण इतका अस्ताव्यस्त की त्याच्या शिस्तशीर शिक्षकाला धडकीच भरावी. म्हणजे मॅक्सवेललाही मदत लागली! ज्याच्या समीकरणांवर आपला रेडिओ आणि मोबाइल चालतो, त्यालाही कुणीतरी समोर बसून सांगावं लागलं, की बाबा, हे सगळं बरोबर आहे, पण आता ओळीने लिही.

मॅक्सवेलने ज्या वर्षी परीक्षा दिली ते 1854 साल. सोळा पेपर, आठ दिवस, साडेचव्वेचाळीस तास आणि एकूण 211 प्रश्न. मॅक्सवेल दुसरा आला. पहिला आला एडवर्ड राउथ. दोघेही हॉपकिन्सचेच. लगेच पुढे स्मिथ पारितोषिकाची आणखी एक परीक्षा झाली. तिचा एक पेपर स्टोक्सने काढला होता आणि त्यात त्याने एक नवंच प्रमेय सिद्ध करायला घातलं. हे प्रमेय चार वर्षांपूर्वी केल्विनने त्याला पत्रातून कळवलेलं होतं. आज बी.एस्सी.च्या वर्गात व्हेक्टर कॅल्क्युलस शिकताना आपण ज्याला स्टोक्सचं प्रमेय म्हणतो, ते छापील स्वरूपात जगासमोर पहिल्यांदा आलं ते परीक्षेतला एक प्रश्न म्हणून. त्या परीक्षेचं पारितोषिक राउथ आणि मॅक्सवेल यांना विभागून मिळालं. पुढे मॅक्सवेलने विजेच्या आणि चुंबकत्वाच्या सिद्धांतात हेच प्रमेय वापरलं. तेव्हा ‘हे काय, नुसतं परीक्षेपुरतं गणित’ असं कुणी म्हटलं तर ही गोष्ट आठवावी.

आता राउथकडे वळू. हॉपकिन्सनंतर शिकवणीची गादी त्याच्याकडे आली आणि 1888 पर्यंत ती त्याने चालवली. सहाशेवर विद्यार्थी, पंचवीसहून जास्त सीनियर रँग्लर, आणि दोन दशकं तर ओळीने दरवर्षी पहिला नंबर राउथच्याच खोलीतून निघत होता. लॉर्ड रॅले त्याचा विद्यार्थी, इलेक्ट्रॉन शोधणारा जे. जे. थॉमसनही त्याचाच.

हा राउथ करायचा तरी काय? त्याच्याकडे काही जादू नव्हती. रीत अगदी साधी होती. विद्यार्थी थोडे थोडे, साधारण सारख्या तयारीचे. एक दिवसाआड एक तास, घड्याळाच्या काट्यावर. तासाला एक विषय फळ्यावर नेटका मांडायचा. शेवटी काही गणितं घरी करायला द्यायची. ती पुढच्या तासाला करून आणायची, आणि राउथ ती तपासायचा. शिवाय दर आठवड्याला सगळ्यांना एक मोठा पेपर. त्याचे गुण सगळ्यांना दिसतील असे लावायचे. आणि राउथने स्वतः लिहिलेली उत्तरं खोलीत ठेवलेली असायची. विद्यार्थ्याने यायचं, आपलं उत्तर त्याच्या उत्तराशेजारी धरायचं आणि आपण कुठे वळसा घेतला, कुठे घसरलो ते बघायचं.

यातला क्रम लक्षात घ्या. आधी गणित, मग विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रयत्न, मग जाणत्या माणसाची नजर, आणि सगळ्यात शेवटी आदर्श उत्तर. आज कॉलेजात आपण ज्याला गृहपाठ किंवा ट्युटोरियल म्हणतो, त्याची ही मुळं आहेत. आदर्श उत्तर तेव्हाही उपलब्ध होतं आणि ते बघायला बंदी नव्हती. पण ते शेवटी होतं. तेच उत्तर पहिल्यांदा दिलं असतं तर राउथची खोली म्हणजे नुसतं नकला काढायचं दुकान झालं असतं.

ही झाली उजळ बाजू. आता दुसरी बघितली पाहिजे, नाहीतर आपण क्लासची जाहिरात केल्यासारखं होईल.

पहिली गोष्ट पैशाची. शिकवणीची फी कॉलेजच्या खर्चाशिवाय वेगळी. ज्याला परवडत नाही त्याने काय करायचं? इथे जॉर्ज ग्रीनची गोष्ट सांगायला हवी. नॉटिंगहॅमजवळ त्याच्या वडिलांची पवनचक्की होती, पीठ दळायची. पोरगा शाळेत गेला तो जेमतेम वर्षभर. पुढे गिरणीचं काम सांभाळून त्याने स्वतःच गणित वाचलं आणि 1828 मध्ये वीज आणि चुंबकत्वाला गणित लावणारा एक निबंध वर्गणीदार गोळा करून छापला. वर्गणीदार पन्नासच्या आसपास, त्यातल्या कितींना तो कळला असेल देव जाणे. पुढे तो केंब्रिजला विद्यार्थी म्हणून आला तेव्हा चाळिशीचा होता. 1837 मध्ये चौथा रँग्लर झाला, आणि 1841 मध्ये वारलासुद्धा. त्या निबंधाची कुणाला खबर नाही.

मग 1845 मध्ये काय होतं? परीक्षा संपवून तरुण केल्विन पॅरिसला निघालेला असतो. कुठेतरी या निबंधाचा उल्लेख त्याने वाचलेला असतो, पण निबंध काही मिळत नाही. निघण्याच्या आदल्या दिवसांत तो सहज आपल्या शिकवणीच्या सरांना, म्हणजे हॉपकिन्सला, विचारतो. आणि हॉपकिन्स म्हणतो, माझ्याकडे आहेत की त्याच्या प्रती! केल्विन त्या घेऊन पॅरिसला गेला, तिथल्या गणितज्ञांना दाखवल्या, आणि पुढे तो निबंध एका जर्मन नियतकालिकात पुन्हा छापून आणला. आज ग्रीनचं प्रमेय स्टोक्सच्या प्रमेयाच्या शेजारी, त्याच धड्यात असतं.

या गोष्टीचे दोन अर्थ निघतात, आणि दोन्ही खरे आहेत. एक, शिकवणीच्या खोलीतून नुसते नंबर निघत नव्हते, चांगला शिक्षक योग्य वेळी योग्य कागद हातात ठेवत होता. दोन, तोच कागद ज्याने लिहिला, त्याला ऐन उमेदीच्या वर्षांत अशी खोली मिळाली नाही. गिरणीत पिठाच्या धुरळ्यात बसून लिहिलेलं त्याचं गणित वाचायला, त्याला ‘हे बरोबर आहे’ असं सांगायला जवळपास फारसं कुणी नव्हतं.

दुसरी गोष्ट बायकांची. 1890 मध्ये फिलिपा फॉसेट ही मुलगी ट्रायपॉसला बसली. तिला ई. डब्ल्यू. हॉब्सन या गणितज्ञाने शिकवलं होतं. मुलींची नावं वेगळी वाचली जात आणि त्यांचा क्रम मुलांच्या यादीच्या संदर्भात सांगत. फिलिपाचा क्रम वाचला गेला तो असा, की सीनियर रँग्लरच्या वर! सभागृहात एकच जल्लोष झाला. पण पदवी? नाही. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली ती 1948 मध्ये. म्हणजे मदत मिळाली की मुली काय करू शकतात हे 1890 मध्ये सिद्ध झालं, आणि ते मान्य करायला आणखी अठ्ठावन्न वर्षं लागली.

तिसरी गोष्ट जास्त अवघड आहे. मदत चांगली असली तरी ती कशासाठी आहे? ट्रायपॉसची शिकवणी दिवसेंदिवस वेगाच्या आणि क्लृप्त्यांच्या मागे लागली. कुठला प्रश्न येऊ शकतो, तो कमीत कमी वेळात कसा सोडवायचा, यावर सगळा भर. युरोपात तोवर कॅल्क्युलसचा पायाच नव्याने घातला गेला होता, पण केंब्रिजच्या हुशार पोरांच्या कानावर ते येत नव्हतं, कारण ते परीक्षेत येत नव्हतं. जी. एच. हार्डी या पद्धतीतूनच गेला, 1898 मध्ये चौथा रँग्लर झाला, आणि आयुष्यभर तिच्यावर चिडून राहिला. त्याला खरी मदत केली ती ऑगस्टस लव्ह या शिक्षकाने, आणि तीही एवढीच, की जॉर्दान या फ्रेंच गणितज्ञाचं कॅल्क्युलसवरचं पुस्तक वाच असं सांगितलं. ते वाचताना आपल्याला गणित म्हणजे काय ते पहिल्यांदा उमगलं, असं हार्डीने पुढे लिहिलं. क्रमवार यादी बंद करावी म्हणून भांडणाऱ्यांत तो पुढे होता. 1909 मध्ये शेवटची यादी लागली. लाकडी चमचाही तिथेच संपला.

आता कबूल केल्याप्रमाणे पुण्याला येऊ. 1899 मध्ये सीनियर रँग्लरचा मान दोघांना विभागून मिळाला आणि त्यातले एक होते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, दापोलीजवळच्या मुर्डी गावचे. हा मान मिळवणारे पहिले भारतीय. आपल्याकडे ‘रँग्लर’ हा शब्द त्यांच्या नावाला असा चिकटला, की आजही लोक रँग्लर परांजपे असंच म्हणतात. पण केंब्रिजच्या आधी त्यांच्या मागे कोण होतं? धोंडो केशव कर्वे. आपण त्यांना स्त्रीशिक्षणासाठी ओळखतो, पण अण्णांचा पेशा गणित शिकवण्याचा. मुंबईत शाळांतून शिकवत, शिकवण्या करत त्यांनी संसार चालवला आणि नात्यातल्या या हुशार मुलाला शिक्षणासाठी आपल्याकडे आणलं. 1891 मध्ये कर्वे फर्ग्युसनला गणिताचे प्राध्यापक झाले. म्हणजे कोकणातल्या त्या मुलाला ‘खोली’ मिळाली ती घरच्या माणसामुळे. आणि परांजप्यांनी त्याची परतफेड कशी केली? केंब्रिजमधला मानमरातब सोडून ते फर्ग्युसनला गणित शिकवायला परत आले आणि पुढे बरीच वर्षं तिथे प्राचार्य होते.

आणखी एक गोष्ट सांगतो, मग संपवतो. लंडनमध्ये कार नावाचा एक शिकवणीवाला होता. त्याने विद्यार्थ्यांसाठी गणितातले हजारो निष्कर्ष एका ग्रंथात क्रमवार लिहिले. बीजगणित, भूमिती, कॅल्क्युलस, सगळं. सिद्धता मात्र जवळजवळ नाहीतच, फार तर एखादी खूण. म्हणजे आपल्या भाषेत निव्वळ ‘उत्तरांचं पुस्तक’. 1903 च्या सुमारास ते कुंभकोणमच्या एका शाळकरी मुलाच्या हाती पडलं. श्रीनिवास रामानुजन त्याचं नाव. त्याने ती उत्तरं पाठ केली नाहीत. प्रत्येक उत्तर का बरोबर आहे हे तो पाटीवर स्वतः शोधत बसला, आणि शोधता शोधता पुस्तकाच्या पलीकडे गेला.

मग कुणी म्हणेल, बघा, मदतीशिवाय झालं की! तसं नाही. 1913 च्या जानेवारीत त्याला केंब्रिजला पत्र पाठवावं लागलंच. पानंच्या पानं भरून गणित, आणि मागणी एवढीच, की हे कुणीतरी वाचावं. ते वाचलं हार्डीने. त्याच हार्डीने, जो शिकवण्यांवर चिडलेला होता. उत्तरांचं पुस्तक माणसाला कुठवर नेऊ शकतं आणि कुठे अपुरं पडतं, याचं याहून बोलकं उदाहरण सापडणं कठीण.

तर मंडळी, आज उत्तर मिळवणं कधी नव्हे इतकं सोपं झालंय. गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर समोर येतं. राउथच्या खोलीतला शेवटचा टप्पा आता प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि त्यात वाईट काही नाही. दुर्मिळ आहे ती त्याच्या आधीची गोष्ट. आपण चुकतमाकत लिहिलेलं पान कुणीतरी शांतपणे वाचावं आणि म्हणावं, ‘चौथ्या ओळीपर्यंत ठीक आहे, इथे मर्यादा बदलायला विसरलास.’ जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेली, घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली मुलगी इंग्रजीतल्या लेक्चरनंतर हात वर करत नाही. तिची अडचण उत्तर न मिळण्याची नाही. तिचं पान वाचणारं कुणी नाही, ही आहे. ग्रीनचीही तीच होती.

म्हणून आम्ही जिथे जिथे शिक्षकांना भेटतो तिथे एकच आग्रह धरतो. आठवड्यातून एक तास असा ठेवा की ज्यात तुम्ही शिकवणार नाही, फक्त वह्या वाचाल. आणि विद्यार्थ्यांना सांगणं असं, की मदत मागायला जाताना कोरी वही नेऊ नका. दोन ओळी का होईना, स्वतःच्या, चुकलेल्या, घेऊन जा. समोरच्याला काहीतरी वाचायला हवं ना!

इथे थांबतो. आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळू.